चौथ्या पटाचे गणित

सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरलेला होता. त्या दिवसांतल्या एका रविवारी शाळांच्या सांघिक बुद्धिबळ स्पर्धेत निकाल लिहून घेण्याचे काम आमच्याकडे आले होते. प्रत्येक संघात चार खेळाडू, एकूण पाच फेऱ्या. चार खेळाडूंपैकी कोणी कोणत्या पटावर बसायचे, ते संघाने स्पर्धेच्या आधी लिहून द्यायचे. एकदा दिलेला क्रम बदलायचा नाही, एवढाच नियम होता.

एका संघाच्या पहिल्या पटावर चारही जणांत सर्वांत लहान मुलगा बसला होता. खुर्चीवर बसल्यावर त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते. पहिला पट म्हणजे समोर प्रत्येक शाळेचा सर्वांत तयारीचा खेळाडू. मुलगा पहिला डाव हरला, दुसरा हरला, तिसराही हरला. चौथ्या डावाची चिठ्ठी देताना त्याने आम्हाला हळूच विचारले, "काका, पाचवा डाव खेळलाच पाहिजे का?"

जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या एका शाळेचे शिक्षक आमच्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "सर, त्यांनी शेवटच्या मुलाला मुद्दाम पुढं बसवलंय. बाकीच्या तिघांना सोपे गडी मिळतात. नियमात बसतं. पुढच्या वर्षी आम्ही पण तसंच करावं का?"

त्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या दिवशी आमच्यापाशी नव्हती. घरी आल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हा लेख म्हणजे त्या कागदाची सुधारून लिहिलेली प्रत आहे. यातले गणित नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला जमण्यासारखे आहे. बुद्धिबळ येत नसले तरी चालेल. जीत, हार आणि बरोबरी एवढे तीन शब्द पुरेत.

सामना कसा मोजतात?

एरवी बुद्धिबळ हा दोघांचा खेळ. जिंकणाऱ्याला १ गुण, हरणाऱ्याला ०, बरोबरी झाली तर दोघांना अर्धा-अर्धा. सांघिक सामन्यात असे चार डाव एकाच वेळी, शेजारी-शेजारी चालतात. चार पटांवरचे गुण एकत्र केले की संघाची बेरीज मिळते. या गुणांना आपण 'डावगुण' म्हणू. एकूण डावगुण चार. म्हणून अडीच किंवा त्याहून जास्त मिळाले की सामना जिंकला, दोन मिळाले तर सामना बरोबरीत, दीड किंवा कमी मिळाले तर हरला.

आता स्पर्धेत संघांचा क्रम कशावर लावायचा? सगळ्या सामन्यांतले डावगुण मिळवत जाणे हा एक मार्ग. बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये कित्येक वर्षे तसेच चालत असे. त्या पद्धतीत दुबळ्या संघाला ४-० असे हरवण्याला फार महत्त्व होते. २००८ साली जर्मनीतील ड्रेस्डेन येथे झालेल्या ऑलिंपियाडपासून ही पद्धत बदलली. आता सामना जिंकला की २ गुण, बरोबरीला १, हरला तर ०. यांना 'सामनागुण' म्हणू. सामना ४-० असा जिंकला काय किंवा अडीच-दीड असा जिंकला काय, सामनागुण दोनच. (सामनागुण सारखे झाले तर मात्र डावगुणांसारख्या इतर गोष्टी पाहाव्या लागतात.)

वरवर पाहता हा हिशेबाचा किरकोळ बदल आहे. पण त्यामुळे पटावर बसलेल्या खेळाडूची योग्य चालच बदलू शकते. ते कसे, ते पाहू.

एकाच बरोबरीच्या किमती

समजा, तुम्ही संघाच्या चौथ्या पटावर खेळत आहात. शेजारचे तिन्ही डाव संपले आहेत. तुमचा डाव अजून चालू आहे आणि समोरचा खेळाडू बरोबरीचा प्रस्ताव देतो. स्वीकारावा का?

एकट्याने खेळताना या प्रश्नाचे उत्तर पटावर शोधायचे असते. सांघिक सामन्यात ते शेजारच्या तीन पटांवर असते.

तीन पटांवर मिळून संघाला २ गुण मिळाले असतील तर: तुम्ही जिंकलात तर सामनागुण २, बरोबरी केलीत तर २, हरलात तर १.

दीड गुण मिळाले असतील तर: जिंकलात तर २, बरोबरी केलीत तर १, हरलात तर ०.

१ गुण मिळाला असेल तर: जिंकलात तर १, बरोबरी केलीत तर ०, हरलात तरी ०.

अडीच किंवा तीन गुण आधीच झाले असतील तर सामना खिशात आहे, आणि अर्धा किंवा शून्यच गुण असेल तर सामना गेलेला आहे. या दोन्ही वेळी तुमच्या डावाने सामन्याचा निकाल बदलत नाही.

या ओळी विद्यार्थ्यांना फळ्यावर तक्त्याच्या रूपात मांडायला सांगाव्यात. पहिल्या ओळीत बरोबरी जितीइतकीच मोलाची आहे. तिथे आणखी जिंकायला जाण्यात कमाई काहीच नाही, गमावण्याचा धोका मात्र आहे. तिसऱ्या ओळीत बरोबरी हारीइतकीच निरुपयोगी आहे. तिथे जिंकण्याची शक्यता शंभरात दहाच असली आणि उरलेल्या नव्वद वेळा हारच दिसत असली, तरी प्रस्ताव नाकारणेच योग्य. कारण स्वीकारल्यास मिळतात ० सामनागुण आणि नाकारल्यास सरासरी ०.१. मधल्या ओळीत मात्र एकट्याच्या खेळासारखीच स्थिती असते: जिंकण्याची शक्यता हरण्याच्या शक्यतेपेक्षा जास्त वाटली तर खेळावे, नाहीतर हात मिळवावा.

म्हणजे पटावरची स्थिती तीच, सोंगट्या त्याच, समोरचा खेळाडूही तोच. तरी एका वेळी जे धाडस मूर्खपणाचे ठरेल तेच दुसऱ्या वेळी शहाणपणाचे असते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र एवढेच दिसते की, 'हिने हातातली बरोबरी सोडली आणि हरली.' सामना झाल्यावर अशा मुलीला बोल लावण्यापूर्वी शिक्षकांनी हा तक्ता आठवावा.

संघाच्या कर्णधाराचे काम इथे कळते. ऑलिंपियाडसारख्या स्पर्धांत कर्णधार खेळाडूला बरोबरीचा प्रस्ताव द्यायला किंवा स्वीकारायला सुचवू शकतो. पटावरील स्थितीबद्दल मात्र त्याला अवाक्षरही काढता येत नाही. त्याने काय सांगायचे, तर बाकीच्या पटांचा हिशेब.

गुणपद्धती बदलली की हा हिशेबही बदलतो. २०२३ साली दुबईत पहिली ग्लोबल चेस लीग झाली. नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी तिच्यात मुंबईच्या संघाकडून खेळला आणि हा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. त्या लीगमध्ये सामना सहा पटांवर होता आणि एका सामन्यात संघाच्या सहाही खेळाडूंना एकाच रंगाची मोहरी मिळत. पांढरी घेऊन जिंकल्यास ३ गुण, काळी घेऊन जिंकल्यास ४, बरोबरीला १. पहिली चाल पांढऱ्याची असल्याने त्याला थोडा फायदा असतो. तो भरून काढण्यासाठी काळ्याच्या जितीला एक गुण जास्त. आता डाव अगदी तुल्यबळ आहे, दोघांची जिंकण्याची शक्यता सारखीच आहे, असे समजा. पांढरा खेळत राहिला तर ३ गुणांची कमाई किंवा ४ गुणांचा फटका. म्हणून त्याला बरोबरी परवडते. काळ्याचे नेमके उलट. त्याने खेळत राहावे. खेळाचे नियम तेच आहेत, फक्त गुण मोजणाऱ्याची वही बदलली आहे.

बुडापेस्टमधला एक डाव

सप्टेंबर २०२४ मध्ये हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे ४५ वे बुद्धिबळ ऑलिंपियाड झाले. भारताने खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत सुवर्णपदक मिळवले. भारताच्या महिला संघाचे कर्णधार होते पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे, आणि तिसऱ्या पटाची खेळाडू होती नागपूरची दिव्या देशमुख, वय १८.

आठव्या फेरीत हा संघ पोलंडकडून हरला. नवव्या फेरीत अमेरिकेशी २-२ अशी बरोबरी झाली. दोन फेऱ्यांत तीन सामनागुण गेले. दहाव्या फेरीत समोर चीन होता. त्या सामन्यातले तीन डाव बरोबरीत सुटले: दोन्हीकडे दीड-दीड. चौथा डाव दिव्या देशमुख विरुद्ध नी शिच्युन. वरच्या तक्त्यातली मधली ओळ ती हीच: हार म्हणजे ०, बरोबरी म्हणजे १, जीत म्हणजे २. दिव्याने तो डाव जिंकला आणि सामना भारताने अडीच-दीड असा जिंकला.

या एका डावाचे मोल स्पर्धा संपल्यावर कळले. अकराव्या फेरीत भारताने अझरबैजानला हरवले. अखेरीस भारताचे सामनागुण झाले १९, कझाकस्तानचे १८ आणि अमेरिकेचे १७. चीनविरुद्धचा सामना २-२ असा सुटला असता तर पुढच्या जोड्या कदाचित वेगळ्या लागल्या असत्या, हे खरे. पण नुसती बेरीज पाहिली तर भारत १८ वर, म्हणजे कझाकस्तानच्या बरोबरीला आला असता. दिव्याने स्पर्धेत ११ डावांत साडेनऊ गुण मिळवून तिसऱ्या पटाचे वैयक्तिक सुवर्णपदकही घेतले. पुढे जुलै २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकून ती ग्रँडमास्टर झाली.

त्या चीनच्या सामन्यात उरलेल्या तिघींच्या नावापुढे 'अर्धा' एवढेच लिहिले गेले. पण ते तीन अर्धे नसते तर एका जितीने सामना जिंकता आला नसता. सांघिक बुद्धिबळात जिंकणारी एकटी कधीच नसते, हे वाक्य भाषणातले वाटेल. इथे ते साध्या बेरजेचे आहे.

पटाचे बळ मोजणारा भौतिकशास्त्रज्ञ

आता त्या शिक्षकांच्या प्रश्नाकडे वळू. शेवटच्या मुलाला पहिल्या पटावर बसवले तर संघाला किती फायदा होतो? यासाठी दोन खेळाडूंपैकी कोण किती वेळा जिंकेल, याचा अंदाज आकड्यात हवा. तो देणारी पद्धत आर्पाड इलो यांनी तयार केली. इलो मूळचे हंगेरीचे, पुढे अमेरिकेत स्थायिक झाले. मिलवॉकी येथील विद्यापीठात ते भौतिकशास्त्र शिकवत असत आणि स्वतः चांगले बुद्धिबळ खेळत. त्यांची पद्धत अमेरिकेतील बुद्धिबळ संघटनेने १९६० साली आणि जागतिक संघटनेने १९७० साली स्वीकारली.

प्रत्येक खेळाडूला एक गुणांकन असते, उदाहरणार्थ १६००. जिंकले की ते वाढते, हरले की उतरते. पण खरी गंमत दोन गुणांकनांतील फरकात आहे. फरक शून्य असेल तर दोघांचा अपेक्षित वाटा निम्मा-निम्मा. फरक १०० असेल तर वरचढ खेळाडूचा अपेक्षित वाटा सुमारे ०.६४; म्हणजे शंभर डावांत ६४ गुण. फरक २०० असेल तर ०.७६, आणि ३०० असेल तर ०.८५. वाटा वाढत जातो, पण एकावर कधीच पोहोचत नाही. कितीही दुबळा खेळाडू असला तरी त्याला काही ना काही आशा असते, हे या सूत्रातच आहे.

क्रम उलटवला तर

समजा, दोन शाळांचे संघ अगदी तुल्यबळ आहेत. दोन्हींत १८००, १७००, १६०० आणि १५०० गुणांकनाचे एकेक खेळाडू. सोपे जावे म्हणून बरोबरी होतच नाही असे धरू. शालेय डावांत ते फारसे चुकीचे नाही.

दोन्ही संघ उतरत्या क्रमाने बसले तर प्रत्येक पटावर सारखीच शक्यता, जशी नाणेफेकीत असते तशी. चार नाणी उडवल्यावर १६ प्रकार होतात. त्यांत आपले तीन किंवा चार डाव जिंकण्याचे प्रकार ५, दोन-दोनचे ६ आणि हरण्याचे ५. म्हणजे शंभर सामन्यांत सुमारे ३१ जिती, ३८ बरोबऱ्या, ३१ हारी. सरासरी सामनागुण बरोबर १.

आता आपल्या संघाने १५०० च्या खेळाडूला पहिल्या पटावर आणले आणि बाकीच्या तिघांना एकेक पट खाली सरकवले. पहिल्या पटावर १५०० विरुद्ध १८००: आपली शक्यता ०.१५. पुढच्या तिन्ही पटांवर आपण १०० गुणांनी वरचढ: प्रत्येकी ०.६४.

खालचे तिन्ही डाव जिंकण्याची शक्यता ०.६४ × ०.६४ × ०.६४, म्हणजे ०.२६. नेमके दोन जिंकण्याची ०.४४, एकच जिंकण्याची ०.२५ आणि एकही न जिंकण्याची ०.०५. यांत पहिल्या पटाचा हिशेब मिळवला की उत्तर येते: शंभर सामन्यांत सुमारे ३३ जिती, ४१ बरोबऱ्या आणि २६ हारी. सरासरी सामनागुण १.०७. (ही आकडेमोड विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावी.)

तेव्हा त्या शिक्षकांना मिळणारे पहिले उत्तर असे: होय, युक्तीने फायदा होतो. ही युक्ती नवीनही नाही. इसवीसनापूर्वी चौथ्या शतकातील चीनमधली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यिएन ची नावाचा सेनापती राजाशी घोड्यांच्या तीन शर्यती लावत असे आणि तिन्ही हरत असे. सुन पिन नावाच्या सल्लागाराने त्याला सांगितले, 'तुझा सर्वांत हळू घोडा राजाच्या सर्वांत वेगवान घोड्यापुढे सोड; तुझा वेगवान त्याच्या मधल्यापुढे, आणि तुझा मधला त्याच्या हळू घोड्यापुढे.' सेनापती एक शर्यत हरला आणि दोन जिंकला.

पण आमच्या हिशेबातला फायदा किती आहे, तेही पाहू. एका सामन्यात ०.०७ सामनागुण, पाच फेऱ्यांच्या स्पर्धेत ०.३५. याउलट, केवळ नशिबाच्या चढउतारामुळे पाच सामन्यांच्या बेरजेत पावणेदोन गुणांचा फरक सहज पडतो. म्हणजे तराजूचा काटाच पावणेदोन घरे हलतो आहे आणि आपण त्यावर एक-तृतीयांश घराएवढे वजन ठेवले आहे. हा फायदा नशिबाचा खेळ नसून युक्तीचा आहे, असे खात्रीने म्हणायचे तर साडेचारशे ते पाचशे सामने खेळावे लागतील. एखाद्या वर्षी संघ वर आला म्हणून 'युक्ती चालली' म्हणणे आणि खाली गेला म्हणून 'फसली' म्हणणे, दोन्हीला आधार नाही.

शिवाय समोरच्या संघानेही हीच युक्ती केली तर? मग पुन्हा १५०० विरुद्ध १५००, १८०० विरुद्ध १८००. फायदा शून्य. सगळ्यांनी वापरली की युक्ती उरत नाही. उरते ती समोरच्याने काय लिहून दिले असेल याचा अंदाज बांधण्याची खटपट. म्हणूनच अनेक लीग स्पर्धांत पटांचा क्रम गुणांकनाप्रमाणेच लावावा, किंवा ठरावीक फरकापलीकडे तो उलटा करू नये, असे नियम असतात.

हिशेबाची दुसरी बाजू

आतापर्यंत आपण संघाचे गुण मोजले. त्या मुलाचे अजून मोजलेले नाहीत.

१५०० गुणांकनाचा मुलगा चौथ्या पटावर आपल्या बरोबरीच्या मुलांशी पाच डाव खेळला, तर त्याला सरासरी अडीच गुण मिळतील. पहिल्या पटावर पाच डावांत मिळतील सरासरी पाऊण. पण सरासरीपेक्षा दुसरा एक आकडा जास्त बोलका आहे. पाचही डाव हरण्याची शक्यता किती? चौथ्या पटावर ती बत्तिसात एक, म्हणजे शंभरात तीन. पहिल्या पटावर ०.८५ चा पाच वेळा गुणाकार करायचा: ०.४४. शंभर मुलांना असे पुढे बसवले तर ४४ मुले पाचही डाव हरून घरी जातील.

एका पारड्यात ०.३५ सामनागुण, तोही नशिबाच्या गोंगाटात ऐकू न येणारा. दुसऱ्या पारड्यात ही ४४ मुले. कोणते पारडे जड मानायचे, हे गणित ठरवत नाही. पण दोन्ही पारड्यांत काय आहे ते ते दाखवते. तो निर्णय शिक्षकाचा असतो, आणि आकडे दिसल्यावर तो न पाहता घेतला असे म्हणण्याची सोय राहत नाही.

इथे कोणी विचारील की, बलाढ्य खेळाडूंशी खेळूनच मूल शिकत नाही का? शिकते, हे आम्हाला मान्य आहे. पण शिकायला पाठवलेल्या मुलाला आपण शिकायला चाललो आहोत हे माहीत असते. डाव संपल्यावर शिक्षक त्याच्याशेजारी बसून कुठे चुकले ते दाखवतात. त्या रविवारी आम्ही पाहिलेल्या मुलाच्या शेजारी कोणी बसले नव्हते. सगळे खालच्या तीन पटांभोवती उभे होते.

क्रम बदलणे सर्वस्वी वाईट, असेही नाही. बुडापेस्टच्या त्याच ऑलिंपियाडमध्ये भारताच्या खुल्या संघात सर्वांत जास्त गुणांकन होते अर्जुन एरिगैसीचे. तरी त्याला तिसऱ्या पटावर बसवले होते. पहिल्या पटावर होता डी. गुकेश, दुसऱ्यावर आर. प्रज्ञानंद, चौथ्यावर विदित गुजराथी. अर्जुनने ११ डावांत १० गुण मिळवले आणि गुकेशने पहिल्या पटावर १० डावांत ९. भारताने ११ पैकी १० सामने जिंकले व एक बरोबरीत सोडवला. म्हणजे क्रमाचा विचार इथेही झाला होता. पण पहिल्या पटावर बसलेला खेळाडू तिथे जिंकू शकणारा होता, त्याला बळी देण्यासाठी बसवले नव्हते. मांडणी आणि बळी यांतला फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

याच संघात विदितने चौथ्या पटावर १० डावांत साडेसात गुण मिळवले. बेरीज करणाऱ्याला अर्धा गुण पहिल्या पटावरून आला की चौथ्या, हे दिसत नाही. 'शेवटचा पट' हा शब्द आपल्या शाळांत जरा तुच्छतेने वापरला जातो. खरे तर शेवटच्या पटावरच्या मुलाला स्वतःच्या बळावर संघाला गुण मिळवून देण्याची पहिल्या पटावरच्या मुलाइतकीच संधी असते. अट एकच: त्याला त्याच्या पटावर बसू दिले पाहिजे.

वर्गात करण्यासाठी: चिंचोक्यांचा प्रयोग

वरचे आकडे पुस्तकातले म्हणून मान्य करू नयेत. दोन पिशव्या घ्याव्यात. पहिलीत २० चिंचोके, त्यांपैकी ३ ना चुन्याचा ठिपका. दुसरीत २५ चिंचोके, त्यांपैकी १६ ना ठिपका. पहिली पिशवी ०.१५ ची, दुसरी ०.६४ ची.

एक सामना म्हणजे चार वेळा चिंचोका काढणे: एकदा पहिल्या पिशवीतून, तीन वेळा दुसरीतून. प्रत्येक वेळी काढलेला चिंचोका परत टाकून पिशवी हलवायची. न टाकल्यास शक्यता बदलते. ठिपक्याचा निघाला की डाव जिंकला. तीन किंवा चार ठिपके म्हणजे सामना जिंकला, दोन म्हणजे बरोबरी, एक किंवा शून्य म्हणजे हार. दुसऱ्या गटाने त्याच वेळी चार नाणी उडवून उतरत्या क्रमाच्या संघाचे सामने खेळावेत.

पाच-पाच मुलांचे गट केले आणि प्रत्येक गटाने पंचवीस सामने खेळले, तर एका तासिकेत पुरेशी नोंद जमते. आधी प्रत्येक गटाचा निकाल वेगळा लिहावा. कुठे युक्तीचा संघ पुढे दिसेल, कुठे मागे. मग सर्व गटांची बेरीज करावी. थोड्या नमुन्यावरून निष्कर्ष काढणे किती धोक्याचे असते, हे एवढ्यात मुलांच्या लक्षात येते. औषधांच्या चाचण्यांपासून पावसाच्या अंदाजांपर्यंत हाच धडा पुन्हापुन्हा लागतो. शेवटी पहिल्या पिशवीतून सलग पाच वेळा काढून पाहावे आणि किती गटांना एकही ठिपका मिळाला नाही ते मोजावे. गट दहा असतील तर चार-पाच जणांचे हात वर होतील. त्या वेळी त्या मुलाची गोष्ट सांगावी.

त्या रविवारी तो मुलगा पाचवा डावही खेळला आणि हरला. त्याचा संघ पहिल्या तिनांत आला नाही. मंडपातून बाहेर पडताना त्याने आपल्या बाईंना विचारलेले आम्ही ऐकले, "बाई, पुढच्या वर्षी मी चौथ्या पटावर बसू का?"

पुढच्या वर्षीही खेळायचे आहे, एवढे त्याच्या मनात अजून होते. शंभरातल्या त्या ४४ मुलांपैकी किती जणांच्या मनात ते उरत असेल, हे काढायला मात्र आमच्याकडे सूत्र नाही.